गुरुवारचं सलाईन

“सलाईन संपलं कधी, तेवढं सांग.”

“पिशवी रिकामी झाली तेव्हा, मार्डेलबाई.”

फोनवर डीना होती, तळमजल्यावर केमो देतात तिथली नर्स. मार्डेल हॅल्वरसन बसायची चौथ्या मजल्यावर. अमेरिकेतल्या डुलुथ या बंदरगावच्या त्या इस्पितळात पेशंटला जे जे दिलं जाई, त्याला बिलासाठी ठरलेला कोड लावणं हे तिचं काम. सलाईनचा नियम मोठा हट्टी होता. ते अर्ध्या तासाहून जास्त चाललेलं हवं, आणि सुरू झाल्याची नि थांबल्याची, दोन्ही वेळा नोंदलेल्या हव्यात. थांबल्याची वेळ नसली की पेशंटला ते मिळालंच नाही, असं धरायचं.

आणि नेमकी तीच वेळ राहून जायची. पिशवी संपायला आणि शेजारच्या खुर्चीतल्या कुणाला उलटी व्हायला एकच गाठ पडायची. मग मार्डेलचा फोन. खाली सगळ्या तिला घड्याळवाली म्हणत. तिला ते ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात मात्र एक नवल झालं. गुरुवारच्या नोंदी पूर्ण यायला लागल्या. एकही वेळ सुटलेली नसे. मार्डेलला आधी संशय आला.

“खरं सांग डीना, अंदाजे टाकता की काय?”

“छे. आमचे म्हातारबा आहेत ना, रेनो माकेला.”

रेनोनं बंदरावर जन्मभर उचलपूल चालवला होता. लांबवर जहाज दिसलं की पूल वर घ्यायचा. आता दर गुरुवारी तो स्वतःच केमो घ्यायला यायचा. कोपऱ्यातल्या खुर्चीत, पायांवर घोंगडी घेऊन, सगळ्यांच्या पिशव्यांवर नजर ठेवायचा. “खिडकीजवळच्या बाईंचं संपत आलं गं,” म्हणून हाक द्यायचा. मग डीना जाऊन बघायची आणि तिथल्या तिथे वेळ टाकायची.

“माझे आभार सांग त्यांना,” मार्डेल म्हणाली.

“तुम्हीच या की. लिफ्ट चालू आहे.”

जाईन म्हणता म्हणता राहून गेलं. पण रेनोची नोंद तिच्याच हाताखालून जायची. मळमळीचं औषध वाढलेलं तिला दिसलं. रक्तातल्या पेशी कमी झाल्या म्हणून एका गुरुवारी केमो न देताच त्याला परत पाठवलेलं दिसलं. त्याही दिवशी बाकी सगळ्यांच्या वेळा बिनचूक होत्या. परत जायच्या आधी तो तिथे बराच वेळ बसला असणार.

बंदरातला बर्फ फुटला त्या सुमारास एका गुरुवारच्या नोंदी उघडल्या, तर थांबल्याच्या वेळा पुन्हा गाळलेल्या. पुढच्या गुरुवारीही तेच. रेनो माकेला हे नाव कुठेच नव्हतं.

मार्डेलनं फोनकडे हात नेला आणि मागे घेतला. उठली आणि थेट खाली गेली.

कोपऱ्यातल्या खुर्चीत एक तरुण बाई डोळे मिटून पडली होती. डीना तिची नळी नीट करत होती.

“म्हातारबा?” मार्डेलनं विचारलं.

“गेले.”

मार्डेलनं भिंतीला हात टेकला.

“अहो, तसं नव्हे. मुलीकडे गेलेत.” डीनानं घाईनं तिचा दंड धरला. “केमो संपली त्यांची. तपासणी चांगली आली. बसा बघू आधी, पाणी देते.”

मार्डेल बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, “आभार मानायचे राहिले गं.”

“तेही हेच म्हणत होते,” डीना म्हणाली. “म्हणाले, त्या वरच्या बाई दर वेळी वेळ विचारतात म्हणून बरं. घरून निघताना मला उपचाराला जातोय असं कधी वाटलंच नाही, कामावर जातोय असं वाटायचं.”