सासूबाईंची टोपडी

मालिकेतली खाष्ट सासू म्हणून बेबीनंदाला घरोघरी शिव्या पडायच्या. मालिका संपली, काम थांबलं. सत्कार मात्र चालू राहिले. नारळ चटणीत गेले, शालींतून तिनं बाळांची टोपडी शिवली आणि अंबडच्या बाजारात मांडली. दुपार कलली तरी भवानी झाली नव्हती. एका आजीनं नातवासाठी टोपडं उचललं, वर पाहिलं आणि खाली टाकलं. “सुनेला घराबाहेर काढणारी तूच न्हाई का? तुझ्या हातचं न्हाई घ्यायचं मला!” ‘अहो, तो अभिनय होता’ हे ओठावर आलेलं बेबीनंदानं गिळलं आणि सासूची भुवई चढवली. “नातवाचे कान गारठले, तर गाठ माझ्याशी आहे!” आजी हसली. बोलणी खायला बाया जमल्या, टोपडी संपली. तोच फोन आला. “ताई, सत्काराला या. मानधन न्हाई, शाल-श्रीफळ बराबर देऊ.” “येते की. शाल तेवढी लोकरीची आणा.”