सोमवारचा कॅन

आमच्या कारखान्यात तळणीच्या जुन्या तेलापासून विमानाचं इंधन व्हायचं. सरकार बदललं, हे इंधन वापरायची सक्ती उठली, परदेशी विमानकंपन्यांनीही हात वर केले. यंत्रं थंडावली आणि प्रयोगशाळेतून उचलून मला फाटकावर बसवलं. आज सोमवार, म्हणून शाळेच्या कॅन्टीनवाल्या मावशी कॅन घेऊन आल्याच. तेल दोनदा गाळलेलं. एकदा गाळ निघाला म्हणून मीच त्यांना परत पाठवलं होतं. “नीट बघ हं, नंतर कटकट नको,” त्या म्हणाल्या. “लेक येतेय शुक्रवारी विमानाने, चार वर्षांनी. आपल्याच तेलावर ना रे?” मी बाटलीत नमुना घेतला, उजेडात धरला, ‘पास’ लिहिलेली चिठ्ठी चिकटवली. “हो मावशी, आपल्याच.” त्या आभाळाकडे बघत गेल्या. संध्याकाळी कॅन सायकलला बांधून घरी आणला. बायकोने तेरा कॅन सरकवून पलंगाखाली चौदाव्याला जागा केली.