दोन बाटल्या, एक डबा

बसा पाव्हणं, पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या कृष्णाताचं सांगतो. जन्म गेला गड्याचा लेथसमोर उभं राहून. पोटरीवर शिरा अशा फुगलेल्या, जणू चामडीखाली सुंभ. बायको कस्तुराबाई मेसमध्ये शेगडीपुढं उभी. तिच्या पायाचीही तीच गत.

जयनगरच्या एका दवाखान्यात ओंदेलगाच्या, म्हंजे ब्राह्मीच्या, गोळ्यांची परीक्षा चालली होती. तोच पाला, ज्याची हितं कानडी मुलखात घरोघर ताकातली तंबुळी करतात. शिरांना गुण येतो म्हणे. खरंच येतो का, ते बघायचं. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कुठली, ते शेवटी सांगणार. दोघांनी नाव घातलं, एकेक बाटली घरी आणली.

कृष्णाताची सूज उतरली. कस्तुराबाईची हटेना. तिला ऑपरेशन सांगितलं.

"माझी गोळी खरी निघू दे," कृष्णात म्हणाला, "मग तीच तुला. चाकू कशाला?"

निकालाच्या दिवशी कस्तुराबाईला घेऊन कृष्णात डॉक्टर सुप्रीतासमोर ताठ बसला. डॉक्टरबाईनं कॉम्प्युटर उघडला, तशी कस्तुराबाई बोलली, "दोन्ही बाटल्या मी पहिल्याच दिवशी एका डब्यात ओतल्या. ह्यांच्या हातावर ठेवत होते ती त्यातलीच, मी घेत होते तीबी त्यातलीच."

"अय्यो अक्का! का?"

"का म्हंजे? एकाला औषध आन् एकाला पीठ, असं घरात करतात व्हय?"

डॉक्टरबाईनं कपाळाला हात लावला. कृष्णातानं पँट गुडघ्यापर्यंत ओढली. "आन् हा पाय? हा लिहा की!"

"काय लिहू अण्णा? दोघांनी तेच खाल्लं. तुमचा उतरला, त्यांचा नाही. गोळीनं उतरला, का मी सांगितलं तसं पाय उशीवर ठेवून झोपलात म्हणून उतरला?"

"मग हिला गोळी देऊ का नको?"

"मला नाही सांगता येत. दोघांची नावं परीक्षेतून काढावी लागणार."

बस स्टॉपवर कृष्णात पेटला. "सगळं वाटून घ्यायची खोड तुझी! आता ऑपरेशन वाट!"

कस्तुराबाई तशीच उभी. बाकावर जागा होती, तरी बसली नाही.

सोमवारी ऑपरेशन हाय. बघायला जावा. कृष्णात बाहेर येरझाऱ्या घालत असंल. काय वाट्टेल ते बोला त्याच्याशी. फक्त, बाबांनो, त्याच्या पायाकडं बघून "बरा झालास की" तेवढं म्हणू नका.