भिजलेला प्लग

नाल्याच्या मधोमध मोटारसायकल बंद पडली आणि पलीकडच्या जाळीतून अस्वलीण बाहेर आली. पाठीवर पिल्लू होतं.

नव्यानेच वनरक्षक झालेली कुंदा थिजून गेली. मागे बसलेले वनपाल धांडेकाका कुजबुजले, "पाणी उडून प्लग भिजलाय. मी गाडी धरतो. हळूच उतर, पिशवी उघड."

पिशवी सकाळीच दोघांनी चौकीच्या ओट्यावर बसून भरली होती. पाने, पक्कड, पंक्चरचं सामान, क्लचची वायर. "एवढं ओझं कशाला, काका?" असं तिने विचारलंही होतं. आता प्लगचा पाना काढताना आवाज होऊ नये म्हणून तिने श्वास रोखला. तरी पाना इंजिनावर खणकन आपटलाच. अस्वलीण दोन पायांवर उभी राहिली.

"तू पळ, पोरी. माझा गुडघा काही पळू देणार नाही."

कुंदाने ऐकलं नाही. प्लग काढला, रुमालाने पुसला, परत बसवला. पहिली किक फुकट गेली. अस्वलीण पाण्यात उतरली. दुसऱ्या किकला इंजिन धडधडलं, तशी ती दचकून थबकली. तेवढ्यात काका मागे बसले आणि कुंदाने गाडी वळवून अलीकडच्या काठावर चढवली.

चौकी आली. उतरल्यावर ती पायरीवरच बसली.

"घाबरलीस?"

"नाही."

काका शेजारी टेकले. "मी तर डोळेच मिटून घेतले होते. बायकोचा चेहरा आठवत होतो."

तेव्हा कुठे कुंदाला रडू फुटलं.