तीननंतरचं गरम पाणी

"विजेवरचा हीटर घ्या, सेल्विन. तुमच्या व्हॅनला रग्गड झाला," ब्रायोनी म्हणाली. "रात्री घरच्या प्लगला लावायचा, सकाळी टाकी कडकडीत."

"आणि दुपारी तीनला?"

"तीनला कोमट. या थंडीत तेवढंही नाही."

"मग नको."

हॅलिफॅक्समधल्या ब्रायोनीच्या दुकानात खिडक्या धुणाऱ्यांना लागणारं सगळं मिळे. सेल्विन ॲक्रॉइड तिचं जुनं गिऱ्हाईक. वय अडुसष्ट. आधी शिडी आणि बादली, मग व्हॅनमधली टाकी, नळी आणि लांब दांड्याचा ब्रश, असा त्याचा जन्म लोकांच्या काचा धुण्यात गेला होता. हिवाळ्यात त्याची बोटं पांढरीफटक पडत. गरम पाण्याची सोय करा नाहीतर धंदा बंद करा, असं डॉक्टरांनी गेल्याच वर्षी बजावलं होतं. तेव्हा त्याने जाड हातमोजे घेऊन वेळ मारून नेली होती. यंदा मात्र स्वतःहून दुकानात आला होता.

"तीनला म्हणजे लार्कफील्ड," शेजारी उभा असलेला त्याचा धाकटा भाऊ डेस्मंड पुटपुटला. "वाटलंच मला."

लार्कफील्ड म्हणजे टेकडीवरचा वृद्धाश्रम. दर चार आठवड्यांनी एक मंगळवार तिथला.

"मग तिथे सकाळी आधी जा," ब्रायोनी म्हणाली.

"सकाळी नाही चालत. तीनचा चहा झाल्यावरच."

"तिथल्या खिडक्यासुद्धा चहा घेतात वाटतं!"

तिघंही हसले. सेल्विन जरा उशिराने हसला.

"बरं, गॅसवरचा?"

"सिलिंडर असलेली गाडी तिथे भिंतीला लावू देत नाहीत."

"मग राहिला डिझेलवरचा. व्हॅनच्या टाकीतलं डिझेल जाळतो, दिवसभर हवं तेव्हा गरम पाणी. पण तिप्पट महाग आहे हं."

"असू दे. एक सांग, काच आतून किती गरम होते?"

"आतून? तुम्ही बाहेर असता ना!"

"जुनी इमारत आहे. काचा एकेरी आहेत."

"अच्छा, तडकायची भीती!" ब्रायोनी गंभीर झाली. "गारठलेल्या एकेरी काचेवर एकदम कढत पाणी सोडायचं नाही. आधी कोमट, मग हळूहळू वाढवायचं. दोन-तीन मिनिटांत आतून हाताला ऊब लागेल. त्याच्यावर जाऊ नका."

सेल्विनने ते पावतीच्या मागे लिहून घेतलं. खिडक्यांबद्दल त्याने आयुष्यात कधी काही लिहून घेतलं नव्हतं.

बाहेर आल्यावर डेस्मंडला राहवलं नाही.

"कॅरव्हॅन विकलीस ती यासाठी?"

"आता कोण जाणार आहे तिच्यातून समुद्रावर?"

"सेल्विन, त्या आश्रमाचं काम सोड. तिथून आलास की दोन दिवस अंथरूण धरतोस. मिळतं काय तुला?"

"गेल्या दोन खेपा थंडीपायी वाया गेल्या. हीसुद्धा गेली तर संपलंच."

"संपू दे की एकदाचं."

भाऊ वाईट नव्हता, काळजीनेच बोलत होता. तरी सेल्विनला ते फार लागलं.

मंगळवारी लार्कफील्डचं गवत तीन वाजतासुद्धा पांढरं होतं. सेल्विनने सगळ्या खिडक्या नेहमीसारख्या झटपट उरकल्या. तळमजल्यावरची अकरा नंबरची खोली त्याने शेवटी ठेवली होती.

आत मेव्हिस तीनचा चहा आटोपून, नेहमीसारखी खुर्चीत येऊन बसली होती. पूर्वी ब्रश काचेला लागला की ती उठून यायची, आतून काचेवर तळहात ठेवायची आणि ब्रशच्या मागेमागे फिरवायची. नोव्हेंबरात तिने "गार!" म्हणून हात झटकला होता. डिसेंबरात जागची उठलीच नाही.

सेल्विनने कोमट पाणी सोडलं. थांबला. मग जरा गरम, मग आणखी जरा. काचेवरून वाफ निघायला लागली.

मेव्हिस उठली. तिने एक बोट लावून पाहिलं, मग अख्खा तळहात टेकवला.

सेल्विनने ब्रश तिच्या हाताभोवती हळूहळू फिरवला. ती खुदकन हसली. ती एक काच त्याने तीनदा धुतली.

तिथे काम करणाऱ्या थांडीने बाजूची लहान खिडकी उघडली. "आत या ना, चहा देते. गारठला असाल."

"नको गं पोरी. मी इथेच बरा."

त्याने नळी गुंडाळली, टोपी जराशी उचलली आणि व्हॅनकडे गेला. मेव्हिसचा हात अजून काचेवरच होता.

"ऊन आहे गं काच," ती म्हणाली. "भला माणूस आहे हा. नाहीतर परवा तू आत आणलास तो! ओळख ना देख, माझा हात धरून रडत होता मेला. त्याला पुन्हा आणू नकोस हं."

"नाही आणणार."

"आणि आमचे हे! एकदासुद्धा फिरकले नाहीत."

खिडकीच्या फळीवर कलंडलेला लग्नाचा फोटो थांडीने सरळ केला. मित्रांनी आडव्या धरलेल्या शिडीखाली, मेव्हिसचा हात धरून, पंचविशीतला सेल्विन ॲक्रॉइड त्यात हसत होता.