साबणाला ताप आला

"हे गाणं तुम्ही कधी रचलंत, आजी?" समोरच्या वकिलाने अगदी मऊ आवाजात विचारलं.

"मी?" वकीलबाईंची आई म्हणाली. "मी कशाला रचू?"

वकीलबाईंच्या हातातलं पेन घरंगळत टेबलाखाली गेलं. ते उचलायला त्या वाकल्या आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिथे राहिल्या.

बावीस वर्षं त्या हेच काम करत होत्या. गाणाऱ्यांचं, लिहिणाऱ्यांचं, चित्रं काढणाऱ्यांचं कोणी काही ढापलं, की ती माणसं धावत त्यांच्याकडे यायची. ऑफिसच्या भिंतींवर अशिलांची चित्रं होती, कपाटात अशिलांची पुस्तकं होती. स्वतः वकीलबाईंना साधं फूल काढता येत नव्हतं. "मी आपली नुसती राखणदार," असं त्या हसत सांगायच्या. पण सांगताना आत कुठेतरी टोचायचंच.

दोन महिन्यांपूर्वी त्या दातांच्या डॉक्टरांकडे आ वासून बसल्या होत्या आणि रेडिओवर ते गाणं लागलं. मुलांच्या नव्या सिनेमातलं. जो तो तेच गुणगुणत होता म्हणे.

*पाणी पाणी पळून जा,*
*बादलीमागे दडून जा,*
*साबणाला ताप आला,*
*आज त्याला झोपू द्या!*

तोंडात कापूस तसाच ठेवून वकीलबाई खुर्चीतून उठल्या. हे तर आईचं गाणं! आईने तीस वर्षं पाळणाघर चालवलं आणि शेकडो पोरांना हेच गाणं म्हणत आंघोळी घातल्या. शब्द तेच, चालही तीच. संध्याकाळपर्यंत नोटीस गेली. सिनेमा कंपनीचं उत्तर आलं, गाणं पारंपरिक आहे, कोणी रचलं ते कुणालाच ठाऊक नाही. शेवटी भांडण मिटवायला दोन्ही बाजू आज मध्यस्थांसमोर बसल्या होत्या. मध्यस्थ एक निवृत्त न्यायाधीशबाई होत्या.

सकाळपासून सगळं कसं छान चाललं होतं. सिनेमाचा संगीतकार दारातून आत आला तो थेट "मावशी!" म्हणून आईच्या गळ्यातच पडला. लहानपणी तो तिच्याच पाळणाघरात होता. वकीलबाईंना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. याहून भक्कम पुरावा कुठून आणायचा? आणि आता आई म्हणत होती, मी कशाला रचू!

"ऐकलंत ना?" समोरचा वकील खुशीत मागे रेलला. "पारंपरिक."

"पाच मिनिटं द्या," म्हणत वकीलबाईंनी आईला दंडाला धरून बाहेर नेलं.

"आई, अर्जात स्पष्ट लिहिलंय, गाणं तुझं आहे म्हणून. तू सही केलीस त्यावर!"

"केली."

"न वाचता?"

"माझी मुलगी वकील आहे," आई शांतपणे म्हणाली. "मी कशाला वाचू?"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू बोलू दिलंस कधी? फोन केलास, 'आई, आपलं गाणं चोरलं' म्हणालीस, आणि ठेवून दिलास. मला वाटलं, आपलं म्हणजे आपल्या घरचं. खरंच आहे की ते."

"अगं, पण मग रचलं कोणी?"

आईने तिच्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. "आत चल. त्या न्यायाधीशबाई बसल्यात ना, त्यांनाच सांगते."

आत जाऊन ती ऐटीत खुर्चीवर बसली. "लिहून घ्या," ती न्यायाधीशबाईंना म्हणाली. "हिने रचलं. माझ्या लेकीने. साडेचार वर्षांची असताना. पाण्याला बघून पळायची नुसती! पलंगाखाली घुसून हे गायची. मला ऐकून ऐकून पाठ झालं, मग मी बाकीच्या पोरांना म्हणायला लागले."

वकीलबाईंचे कान लालबुंद झाले.

"हो!" संगीतकार एकदम ओरडलाच. "पलंगाखालची ताई! पण तुम्ही फार बेसूर गायचात हो. चाल नीट बसवायला मला आठवडा लागला!"

त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. आपला माणूस काय कबूल करून बसला, हे त्याला कळलं होतं. न्यायाधीशबाईंना मात्र हसू आवरेना. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"आठवणी गोड आहेत," समोरच्या वकिलाने शेवटचा प्रयत्न केला, "पण पुरावा काय? चार ओळी तर आता सगळ्यांनाच पाठ आहेत."

"बरोबर आहे," न्यायाधीशबाई वकीलबाईंकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं आहे? वकील म्हणून नको. तुमचं."

अशिलांची बाजू मांडायला वकीलबाई कधी अडखळल्या नव्हत्या. आज स्वतःची बाजू मांडायची होती. त्यांनी समोरची फाइल मिटली. मग कुठून कोण जाणे, ओल्या फरशीचा वास आला, पलंगाखालचा अंधार आला, आणि कोट-बिट घातलेल्या त्या सत्तेचाळीस वर्षांच्या बाई उभ्या राहून, जगात कोणालाच, अगदी आईलाही ठाऊक नसलेलं दुसरं कडवं मोठ्याने, बेसूर गाऊ लागल्या:

*टॉवेल गेला गावाला,*
*परवा येतो म्हणाला,*
*तोवर माझी आंघोळ*
*घाल तुझ्या भावाला!*