भिंतीवरचे धनेश

प्रयोगशाळेच्या भिंतीभर पसरलेल्या जंगलात धनेश पक्षी झाडाच्या ढोलीपाशी आला आणि आत कोंडून घेतलेल्या मादीला त्याने चोचीने उंबर भरवलं. पहिल्या वर्षाच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना इकॉलॉजी शिकवणारी संशोधक विद्यार्थिनी शाल्मली गावित मात्र दात आवळून उभी होती.

जंगलं माणसांना बंद झाल्यापासून विद्यापीठातला सगळा अभ्यास या संगणकी जंगलावरच चाले. शाल्मलीचा धनेशांवरचा प्रबंधही त्यावरच उभा होता. पण गेल्या महिन्यात ती चोरून खऱ्या जंगलात शिरली, तेव्हा तिथले उंबर वाळले होते, ढोल्या रिकाम्या होत्या आणि दिवसभर भटकूनही एकसुद्धा धनेश दिसला नव्हता.

"मॅडम, संगणक जुन्याच नोंदींवर पक्षी उडवतोय," तिने परत येताच तिच्या मार्गदर्शक खासनीस मॅडमना सांगितलं होतं.

"तू तिथे गेलीस हेच आधी विसर," मॅडम दार लावून घेत म्हणाल्या होत्या. "बाहेर कळलं तर तुझी पदवी जाईल आणि आपला विभागही. मुकाट्याने प्रबंध पुरा कर, बाई."

तेव्हापासून ती रोज हेच खोटं शिकवत होती आणि रोज स्वतःवरच चिडत होती.

एका मुलीने हात वर केला. "ताई, खऱ्या जंगलातही आत्ता असंच चाललं असेल ना?"

मागच्या बाकावरून मॅडम रोखून पाहत होत्या. शाल्मलीने भिंत बंद केली.

"नाही," ती म्हणाली. "मी जाऊन आलेय. काय पाहिलं ते सांगते, लिहून घ्या."